जुन्या डेस्कटॉपला वायफाय जोडायचंय? डोंगल निवडण्यापासून नेट चालू होईपर्यंत

फायबरची लाइन घेतली की राऊटर बहुतेक घरांत हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला बसतो, कारण वायरवाला तिथपर्यंतच वायर आणतो. कॉम्प्युटर असतो आतल्या खोलीत, आणि तोही दुकानातून असेंबल करून घेतलेला, म्हणजे त्यात वायफाय बहुधा नसतंच. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही सगळे वायफायवर आणि डेस्कटॉप तेवढा कोरडा. त्याला वायफाय देणारं डोंगल, म्हणजे यूएसबी अ‍ॅडॅप्टर कसं निवडायचं, कसं लावायचं आणि अडलं तर काय बघायचं, ते इथे क्रमाने सांगतो. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय. लिनक्सवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

डोंगल पोर्टात खोचायला काही सेकंद लागतात. त्रास होतो तो दोन ठिकाणी: आत कोणती चिप आहे हे न बघता घेतलं की, आणि कॅबिनेटच्या मागे भिंतीकडे तोंड करून लावलं की. त्या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे, बाकीचं भराभर.

पैसे खर्च करण्याआधी

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बघा. यूएसबीच्या पोर्टांजवळ दोन छोटे, सोनेरी, आटे असलेले खुंट दिसतात का? दिसत असतील तर तुमच्या मदरबोर्डात वायफाय आहेच. त्याचे अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात पडून असतील. ते फिरवून बसवा, मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला ओळखू देणारं सॉफ्टवेअर) टाका, आणि हा लेख इथेच सोडा.

दुसरं, लॅनची केबल ओढता येत असेल तर ती ओढा. माझं हे मत पक्कं आहे. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी कधीच लागत नाही. दाराच्या चौकटीवरून पट्टीतून नेली की दिसतही नाही. वायफायच्या सगळ्या भानगडी त्या केबलने टळतात. भाड्याचं घर आहे, मालक भोक पाडू देत नाही, किंवा मधे दोन खोल्या आहेत, तर मग डोंगल.

आणि महिन्यातून एखाद्या वेळी फॉर्म भरायलाच नेट लागत असेल, तर मोबाइल यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अँड्रॉइड मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट कॉम्प्युटरला मिळतं, मोबाइलचा डेटा जात नाही. ही युक्ती पुढे ड्रायव्हर आणायलाही लागणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

कोणतं घ्यायचं

दुकानात नुसतं 'डोंगल द्या' म्हणालात तर कधी सिमकार्ड घालायचं डोंगल पुढे करतात. 'पीसीला वायफाय घ्यायचं यूएसबी अ‍ॅडॅप्टर' असं सांगा.

खोक्यावर एन१५०, एसी६००, एसी१३००, एएक्स१८०० असे आकडे असतात. अक्षरं म्हणजे वायफायची पिढी. एन ही २००९ची, हिलाच आता वायफाय ४ म्हणतात. एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६. पुढचा आकडा हा सगळ्या बँडच्या, म्हणजे वायफायच्या रेडिओ पट्ट्यांच्या, कागदावरच्या वेगांची बेरीज. एसी६०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३ एमबीपीएस, वर थोडं गोल केलेलं. एका वेळी तुम्ही एकाच बँडवर असता, त्यामुळे ६०० कधीच मिळत नाही.

नखाएवढं, सगळ्यात स्वस्त असतं ते बहुधा एन१५०, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. इमारतीत शेजारपाजारच्या दहा-पंधरा राऊटरांची गर्दी असली की ते रुंद चॅनल (बँडमधली वाट) सोडून अरुंद चॅनलवर येतं, मग विंडोज ७२ एमबीपीएस दाखवतं आणि हातात साधारण त्याच्या निम्मं पडतं. म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन त्यातला निम्म्याहून जास्त वाया. फॉर्म भरणं, ईमेल, व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर हेही चालतं. पण थोडे पैसे जास्त घालून ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही बँडचं, एसी६०० तरी घ्या. गर्दीच्या सोसायटीत ५ गिगाहर्ट्झने जो फरक पडतो तो महागड्या राऊटरनेही पडत नाही.

उलट कोकणातलं जांभ्याच्या जाड भिंतींचं घर, किंवा राऊटर आणि कॉम्प्युटरच्या मधे लोखंडी कपाट असेल, तर ५ गिगाहर्ट्झ आरपार जाता जाता दम तोडतो. तिथे २.४चाच आधार. अशा घरात बाहेर अँटेनाची दांडी असलेलं अ‍ॅडॅप्टर घ्या, नखाएवढ्याच्या नादी लागू नका. त्यातल्या अँटेनाला जागाच नसते.

आता चिप. खोक्यावर कंपनीचं नाव काहीही असो, आतली चिप बहुतेक वेळा रिअलटेक किंवा मीडियाटेक यांची असते, आणि ड्रायव्हर लागतो तो चिपचा. गंमत अशी की तेच मॉडेल, तेच नाव, तेच रंगाचं खोकं, पण आत वेगळी चिप असू शकते. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन याचं ठळक उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. म्हणून डोंगलच्या अंगावरच्या किंवा खोक्यावरच्या बारीक अक्षरात 'व्हर्जन' किंवा 'व्ही१, व्ही२, व्ही३' असं काय लिहिलंय ते बघा आणि खोकं फेकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. बिननावाच्या, नुसतं '८०२.११एन' छापलेल्या डोंगलवर यातलं काहीच नसतं; त्याची ओळख कशी पटवायची ते पुढे येईल.

विंडोज ७ अजून वापरत असाल तर घेण्याआधी खोक्यावर विंडोज ७चं नाव आहे का ते वाचा. एएक्सच्या बऱ्याच अ‍ॅडॅप्टरांना विंडोज ७साठी ड्रायव्हरच नाही.

यूएसबी नको, आतलं कार्ड हवं, असं म्हणणाऱ्यांसाठी मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारं पीसीआयई कार्डही मिळतं. वेग स्थिर, अँटेना मोठे, आणि बहुतेकांत ब्लूटूथ. कॉम्प्युटर बंद करा, पॉवरची केबल काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मग सगळ्यात आखूड पीसीआयई स्लॉटमध्ये कार्ड सरळ दाबून स्क्रू आवळा. कार्डासोबत एक बारीक वायर येते ती मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या ९ पिनांच्या जागी लावायची असते. ही राहून जाते, आणि मग 'वायफाय चालतंय, ब्लूटूथ दिसत नाही' अशी तक्रार येते. ड्रायव्हर आणि पुढचं सगळं यूएसबीसारखंच.

ड्रायव्हर आधीच आणून ठेवा

नेट चालू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं, हा पेच प्रत्येकाला पडतो. सोबत येणारी छोटी सीडी आजकाल कुणाच्या कामाची? सीडी ड्राइव्हच नसतो. आणि असला तरी त्यातला ड्रायव्हर जुना असतो.

मोबाइलवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडॅप्टरच्या कंपनीच्या साइटवर जा, 'सपोर्ट' किंवा 'डाउनलोड'मध्ये मॉडेल टाका, मघाची आवृत्ती निवडा, तुमचं विंडोज निवडा आणि फाइल पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे 'धिस पीसी'वर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये दिसतं. जुन्या, २ जीबी रॅमच्या मशीनवर बऱ्याचदा ३२ बिट निघतं आणि ६४ बिटचा ड्रायव्हर तिथे बसत नाही.

किंवा मोबाइल टेदर करा आणि थेट त्याच कॉम्प्युटरवर उतरवा. अँड्रॉइड फोन विंडोज १० आणि ११ सहसा लगेच ओळखतं. आयफोनला आधी अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर लागतं. टेदरिंगचा पर्याय पुसट दिसत असेल तर केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही.

गुगलवर 'ड्रायव्हर डाउनलोड' शोधलं की वर ज्या 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' छापाच्या जाहिराती येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ड्रायव्हर राहतो बाजूला, नको ती चार सॉफ्टवेअर येऊन बसतात.

डोंगल कुठे लावायचं

कॅबिनेट म्हणजे पत्र्याची पेटी. मागच्या पोर्टात डोंगल खोचलं की त्याच्या एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला भिंत, वर टेबलाची फळी, आणि भोवती वायरींचं जंजाळ. राऊटर मजबूत असूनही दोनच कांड्या दिसतात त्या यामुळे.

यूएसबीची एक एक्स्टेन्शन केबल घ्या, मीटर-दीड मीटरची, जिच्या एका टोकाला पिन आणि दुसऱ्याला खाच असते. डोंगल टेबलावर आणा, मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने लावा, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. फार लांब आणि स्वस्त केबल मात्र नको. व्होल्टेज पडतं आणि डोंगल मधेच सुटतं. दांडीवाल्या डोंगलची दांडी उभी ठेवा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. निळ्या रंगाचे पोर्ट यूएसबी ३चे. यूएसबी ३ चालू असताना त्यातून जो रेडिओ गोंगाट निघतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२मध्ये यावर तपशीलवार कागदच काढला होता. म्हणून निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारच्या पोर्टात २.४चं डोंगल, असं असलं की फाइल कॉपी करायला घेतल्याबरोबर नेट रांगायला लागतं. वायरलेस माउसही अडखळतो. उपाय तोच: एक्स्टेन्शन लावून डोंगल लांब न्या, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

एसी६०० किंवा त्याखालचं डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २च्या पोर्टात सुखाने चालतं. एसी१३०० आणि वरच्यांना निळा पोर्ट द्या, कारण यूएसबी २ची मर्यादाच ४८० एमबीपीएस, आणि प्रत्यक्षात तीही मिळत नाही.

ड्रायव्हर टाकणं

आता क्रमाने.

१. डोंगल लावा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. बऱ्याच चिपांचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. खाली उजव्या कोपऱ्यात वायफायची खूण आली तर थेट 'राऊटरला जोडणं' या भागावर जा.

२. खूण आली नाही, पण 'धिस पीसी'मध्ये एक नवी सीडी ड्राइव्ह उगवली? घाबरू नका. काही डोंगल आधी सीडीचं सोंग घेतात, ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. ती सीडी उघडा, आतली सेटअपची फाइल चालवा. ड्रायव्हर बसला की सोंग गळून पडतं आणि वायफाय दिसतं. ड्रायव्हर बसूनही सीडीच दिसत राहिली तर तिच्यावर उजवी क्लिक करून 'इजेक्ट' करा.

३. यातलं काहीच झालं नाही तर पेनड्राइव्हवरची फाइल. ती झिप असेल तर आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा. झिपच्या आतूनच सेटअप चालवला की अर्ध्यात अडतो. सेटअपवर उजवी क्लिक, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', आणि संपल्यावर रीस्टार्ट. मागितलं नाही तरी रीस्टार्ट करा.

४. तरी दिसत नसेल तर स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स'खाली वायरलेस असं नाव आहे का बघा. नसेल तर 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळ्या त्रिकोणासह काहीतरी दिसेल. त्यावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा.

इथे बिननावाच्या डोंगलची ओळख पटते. व्हीआयडीच्या पुढची चार अक्षरं म्हणजे बनवणारा, पीआयडीच्या पुढची चार म्हणजे मॉडेल. व्हीआयडी शून्य-बी-डी-ए असेल तर चिप रिअलटेकची, १-४-८-एफ असेल तर रालिंकची, शून्य-ई-८-डी असेल तर मीडियाटेकची. दोन्ही आकडे जसेच्या तसे शोधपट्टीत टाका, चिपचं नेमकं नाव मिळतं, आणि मग त्या चिपचा ड्रायव्हर शोधता येतो. त्याच चिपवर एखाद्या नामांकित कंपनीचं डोंगल असेल तर त्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर पुष्कळदा चालून जातो.

मिळालेल्या ड्रायव्हरमध्ये सेटअप नसून नुसत्या फाइली असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच नावावर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि तो फोल्डर दाखवा. मोबाइल टेदर करून 'विंडोज अपडेट'च्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये डोकावणं हाही मार्ग आहे. तिथे हवा तो ड्रायव्हर अनेकदा गुपचूप बसलेला असतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलचा मागमूसच नसेल तर पोर्ट बदला, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तिथेही नाही दिसलं तर डोंगल मेलेलं आहे, परत करा.

राऊटरला जोडणं

जोडण्याआधी टेदरिंगची केबल काढून टाका, नाहीतर नेट नक्की कुठून येतंय ते कळत नाही. वायफायच्या खुणेवर क्लिक करा, आपलं नाव निवडा, 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'वर टिक करा, पासवर्ड टाका. पासवर्ड बदललेला नसेल तर राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. घरातल्या वायफायला 'प्रायव्हेट' निवडलं तर प्रिंटर, शेअर केलेले फोल्डर दिसतात. हॉस्टेल, लायब्ररी, कॅफे अशा ठिकाणी 'पब्लिक'.

दोन्ही बँडची नावं वेगळी असतील तर आधी ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडून बघा. एकच नाव असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॅप्टरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅब उघडा. बऱ्याच ड्रायव्हरांत 'प्रिफर्ड बँड' असा पर्याय असतो, तिथे ५ला पसंती द्या.

त्याच खिडकीत 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असेल तर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची जी ओळ आहे तिची टिक काढा. कॉम्प्युटर झोपून उठल्यावर वायफाय गायब होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. डेस्कटॉपला एवढीशी वीज वाचवून काय मिळवायचंय?

अडलं तर

मोबाइलला ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतं, डोंगलला दिसत नाही. डोंगल एका बँडचं नाही ना, ते आधी बघा. ड्युअल बँड असेल तर राऊटर बहुधा ५२ ते १४४ यातल्या चॅनलवर आहे. रडारशी वाटून घेतलेले हे चॅनल काही स्वस्त डोंगल घेत नाहीत. राऊटरच्या सेटिंगमध्ये ३६ किंवा १४९ निवडा. २.४मध्ये असंच झालं तर १२, १३ टाळून १, ६ किंवा ११ ठेवा. नवा वायफाय ६चा राऊटर आणि जुनं अ‍ॅडॅप्टर असेल तर अ‍ॅडॅप्टरचा ड्रायव्हर नवा टाका; काही जुन्या ड्रायव्हरांना एएक्स चालू असलेलं नेटवर्क दिसतच नाही.

पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही. राऊटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) लावलेलं असेल तर जुन्या डोंगलला ते कळत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय निवडा. डब्ल्यूईपी या जुन्या पद्धतीपर्यंत मात्र खाली उतरू नका, ते कुलूप नावालाच आहे.

जोडलं, पण 'नो इंटरनेट'. वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा नंबर) बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही. राऊटर बंद करून चालू करा. कुणी हाताने आयपी टाकून ठेवला असेल तर 'आयपी असाइनमेंट' पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा. पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल आणि मोबाइललाही नेट नसेल, तर डोंगलचा दोष नाही, लाइन गेलेली आहे.

काही साइट उघडतात, बऱ्याच 'सुरक्षित नाही' म्हणून अडवतात. कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या मशीनमधला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि ब्राउझरला सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात. तारीख दुरुस्त करा, सेल बदला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक, पण वायफायची खूणच नाही. शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' उघडून 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' शोधा, ती 'ऑटोमॅटिक' करून सुरू करा. कुणीतरी 'लाइट' विंडोज टाकून दिलेलं असेल तर ही सेवा बंद असू शकते. एवढं करूनही गोंधळ असेल तर सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रिसेट'. त्याने सगळे साठवलेले पासवर्ड जातात, म्हणून ते अगदी शेवटी.

लिनक्सवर

उबंटू, मिंट वापरणाऱ्यांनी चिप बघूनच डोंगल घ्यावं, इथे तर ती आणखी महत्त्वाची. मीडियाटेकच्या एमटी७६१२यूसारख्या चिपांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, लावलं की चालतं. रिअलटेकच्या आरटीएल८८१२बीयूसारख्या अनेक यूएसबी चिपांना कर्नल ६.२पासून आधार मिळाला. त्याआधीच्या कर्नलवर बाहेरून ड्रायव्हर आणून बांधावा लागतो, आणि तोही कर्नल बदलला की पुन्हा. घेऊन झालं असेल तर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' चालवा, मघाचे व्हीआयडी-पीआयडी तिथे दिसतात. बाहेरचा ड्रायव्हर नीट बांधला गेला, तरी वायफाय येत नसेल, तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'सिक्युअर बूट' चालू आहे का बघा; सही नसलेला ड्रायव्हर तो आत येऊ देत नाही. एकतर ड्रायव्हर टाकताना विचारलेली चावी नोंदवा, नाहीतर सिक्युअर बूट बंद करा.